जास्त पाण्याने सडायला लागलेलं सक्युलंट कसं वाचवायचं: नागपूरच्या घरांसाठी

आमच्याकडे सकाळी तुळशीला पाणी टाकून झालं की तांब्याच्या तळाशी घोटभर पाणी उरतं. ते वाया कशाला घालवायचं म्हणून सासूबाई शेजारच्या कुंडीत ओतायच्या. शेजारच्या कुंडीत होतं माझं इचेव्हेरिया, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं एक सक्युलंट, वाढदिवसाला मिळालेलं, दिसायला दगडात कोरलेल्या कमळासारखं. पाऊस लागला आणि महिन्याभरात त्याची खालची पानं सुरकुतली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पानं सुकून राहिली ना त्याची. तू पाणी टाकत नाहीस का?" मलाही ते पटलं. मग सकाळी त्या टाकायच्या, संध्याकाळी मी. जुलैच्या शेवटी एका रविवारी धूळ पुसायला म्हणून ते कमळ धरलं आणि ते अख्खंच हातात आलं. खाली देठ काळा, आणि कुंडीला तुंबलेल्या नालीसारखा वास.

मुळं सडलेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं. मुळंच उरली नाहीत तर कुंडीत तळं साचलेलं असूनही पाणी वर चढणार कशातून? पानं सुरकुततात, आपण घाबरून आणखी पाणी टाकतो, उरलीसुरली मुळंही जातात. बहुतेक सक्युलंट असंच मरतं, दुर्लक्षाने नव्हे, काळजीने. त्यानंतर माझ्या आणि शेजारणींच्या मिळून अकरा कुंड्या अशा आजारी पडल्या. सात वाचल्या, चार गेल्या. त्या अकरा कुंड्यांवर जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते.

नागपुरात हे जास्त का होतं

"आठवड्यातून एकदा पाणी" हा नर्सरीवाल्याचा सल्ला आपल्याकडे चालत नाही. नवतप्यात, पारा ४५ च्या आसपास असताना, माझ्या गॅलरीतली चार इंची मातीची कुंडी दोन दिवसांत खडखडीत होते. तीच कुंडी, तेवढंच पाणी, जुलैच्या झडीत पंधरा दिवस ओली राहते. म्हणून पाणी किती टाकलं यापेक्षा कुंडी किती दिवसांत सुकते ते बघा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या फटी दिवसेंदिवस पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरून मरतात, आणि मेलेल्या मुळांवर पिथियम, फ्युजेरियमसारख्या बुरशी चढतात. बुरशी बहुतेक वेळा मागून येते. आधी हवा संपते.

दुसरं कारण काळी माती. कापसाला ही माती सोनं आहे, कारण ती पाणी धरून ठेवते, भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. सक्युलंटला नेमकं हेच नको असतं. अंगणातली चार मुठी माती घेऊन कुंडी भरली असेल तर अर्धं दुखणं तिथेच आहे.

तिसरं कारण कूलर. मे महिन्यात बाहेर हवा कोरडी ठणठणीत, पण कूलर चालू असलेली खोली दमट. त्या खोलीतल्या टीपॉयवरची कुंडी उन्हाळ्यातही सुकत नाही, आणि आपण मात्र "उन्हाळा आहे" म्हणून पाणी टाकत राहतो.

आधी हे सामान काढून ठेवा

मधेच उठून शोधाशोध केली तर ओली झाडं उघडी पडून राहतात, म्हणून आधीच जमवा:

- जुने वर्तमानपत्र, दोन-तीन दिवसांचे
- कटरचं नवीन ब्लेड किंवा धारदार चाकू
- मेडिकलमधलं स्पिरिट आणि कापूस
- जुना मऊ टूथब्रश
- वापरलेल्या अगरबत्तीच्या काड्या
- तळाला भोक असलेली मातीची कुंडी, झाडाच्या रुंदीपेक्षा बोटभरच मोठी
- जाड रेती, विटांचा चुरा, थोडं शेणखत किंवा गांडूळखत
- सूप किंवा बांबूची टोपली, झाड सुकवायला
- हातमोजे (शेरासारखं चिकाचं झाड असेल किंवा बुरशीनाशक वापरणार असाल तर हवेतच)

१. तहान की सड, हे आधी ठरवा

घाई करून धडधाकट झाड उपटणं हीसुद्धा चूकच आहे, आणि ती मी केली आहे. खालचं एक-दोन पान कागदासारखं वाळून गळत असेल तर तो आजार नाही. झाड जुनी पानं टाकतंच.

पान दोन बोटांत हलकं दाबा. तहानलेलं पान पातळ, सुरकुतलेलं पण चिवट लागतं. देठ मात्र घट्ट असतो. जास्त पाण्याचं पान मऊ, पिवळट आणि पारदर्शक दिसतं, उकडलेल्या कांद्याच्या पाकळीसारखं. नुसता हात लागला तरी गळून पडतं, आणि गळालेल्या जागी ओलं असतं.

मग अगरबत्तीची काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवा. काडी ओलसर निघाली, माती चिकटली, आणि शेवटचं पाणी टाकून आठवडा होऊन गेला असेल तर समजा की पाणी कुठेच जात नाहीये. वरची माती कोरडी दिसते म्हणून फसू नका. वरचा थर वाऱ्याने सुकतो, खाली चिखल असतो. काडी नाकाजवळ न्या. आंबूस, कुजकट वास असेल तर वेगळा पुरावा लागत नाही.

सुरकुतलेली पानं आणि ओली माती, ही जोडी दिसली की पाणी त्याच क्षणी बंद.

आता देठ चाचपा आणि झाड कुठल्या अवस्थेत आहे ते ठरवा:

- फक्त दोन-चार पानं मऊ, देठ घट्ट, वास नाही: मोठं ऑपरेशन नको. पायरी २ करून मुळं बघा, पांढरी असतील तर झाड दोन-तीन दिवस सावलीत उघडं सुकवा, कोरड्या मिश्रणात परत लावा. इथेच संपलं.
- देठ खालून मऊ, वर घट्ट: पुढच्या सगळ्या पायऱ्या करा. वाचण्याची शक्यता चांगली आहे.
- मधला गाभा, जिथून नवीन पान फुटतं, तोच काळा आणि पिचपिचीत: झाड गेलं. धडधाकट पानं सापडली तर काढून घ्या आणि थेट पायरी ७ वर जा.

२. झाड कुंडीतून बाहेर काढा

कुंडी आडवी करा, बाजूने थापट्या मारा, झाड सरकवत काढा. वरून ओढू नका. सडलेला देठ तुटतो आणि किती सडलंय ते कळत नाही.

भेट आलेल्या कुंड्यांत दोन फसवणुकी नेहमी सापडतात. पहिली, वर डिंकाने चिकटवलेले रंगीत खडे. त्यांनी माती सुकायची वाटच बंद होते. ते उचकटून काढा, सुंदर दिसले तरी. दुसरी, मुळांभोवती गुंडाळलेली बारीक जाळी किंवा कापडी पिशवी, आत गच्च कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). नर्सरीत रोप वाढवताना ती सोयीची असते, घरी ती ओल्या फडक्यासारखी मुळांना चिकटून बसते. कात्रीने कापून पूर्ण काढा.

कालिम्पाँगसारख्या थंड डोंगरी गावांतल्या नर्सऱ्यांतून बरीच सक्युलंट्स देशभर जातात. तिथल्या हवेत कोकोपीट चालून जात असेल. आपल्या पावसाळ्यात ते आठवडाभर सुकत नाही, आणि उन्हाळ्यात एकदा ठार सुकून आक्रसलं की बरंचसं पाणी बाजूने सरळ खाली जातं.

जुनी माती बोटांनी आणि टूथब्रशने झटका. चिखल घट्ट बसला असेल तर मुळं वाहत्या नळाखाली अर्धा मिनिट धरली तरी चालतात. आधीच ओल्या झाडाला आणखी काय ओलं करायचं, असं वाटेल. पण सडका चिखल तसाच ठेवण्यापेक्षा ते बरं. नंतर सुकवायचंच आहे.

निरोगी मूळ पांढरं किंवा फिक्कट तपकिरी असतं आणि ओढलं तर ताण देतं. सडलेलं मूळ काळपट, लिबलिबीत असतं. त्याचं साल हातात येतं आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते.

३. कापा, आणि पुरेसं कापा

सगळ्यात जास्त झाडं या पायरीवर हातची जातात, कारण आपला जीव होत नाही.

ब्लेड स्पिरिटने पुसा. सडकी मुळं काढून टाका. मग देठ खालून पाव इंच कापा आणि कापलेल्या चकतीकडे नीट बघा. चकती पूर्ण पांढरी किंवा हिरवट असेल तर थांबा. मधे तपकिरी ठिपका दिसला, कडेला काळं वर्तुळ दिसलं, तर सड अजून वर आहे. ब्लेड पुन्हा पुसा आणि पुन्हा कापा. प्रत्येक कापाआधी पुसायचं, नाहीतर खालची घाण आपणच वर नेतो.

माझ्या गेलेल्या चारपैकी दोन इचेव्हेरिया मोहरीएवढ्या तपकिरी ठिपक्यापायी गेली. "एवढंसं तर आहे" म्हणून सोडून दिलं. दहा दिवसांत तो ठिपका गाभ्यापर्यंत चढला होता. उलट एका झाडाचा देठ कापत कापत इतका वर गेले की हातात नुसता पानांचा गुच्छ उरला, देठ नखाएवढा. ते झाड आज माझ्या सगळ्या कुंड्यांत मोठं आहे.

आता पुडीचं. कृषी केंद्रात "साफ" नावाचं बुरशीनाशक मिळतं, त्यात कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के असतं. बागकाम करणारे लिटरभर पाण्यात २ ग्रॅम घालून वापरतात, किंवा कापलेल्या जागी चिमूटभर लावतात. वापरायचं तर हातमोजे घालून, नाकाला फडकं बांधून, आणि पुडी स्वयंपाकघरात मुळीच न ठेवता. पण एक लक्षात घ्या, कार्बेन्डाझिम पिथियमच्या जातीच्या सडीवर चालत नाही, आणि सडलेला भाग कुठल्याच पुडीने परत जिवंत होत नाही. दालचिनीची पूड, हळद यांचंही तेच. मी हळद लावते, ती आजीपासूनची सवय आहे. झाड वाचतं ते ब्लेडमुळे.

कापल्यावर खाली उरलेला देठ निरोगी, हिरवा असेल आणि त्याची मुळंही बरी असतील (असं कधीकधी होतं, सड मधेच लागते), तर तो फेकू नका. कोरड्या मिश्रणात तसाच ठेवा. इचेव्हेरियाच्या अशा बुंध्याला बाजूने पिल्लं फुटतात.

४. सुकवा: हवेत, सावलीत, घाई न करता

कापलेलं झाड लगेच मातीत लावायचं नाही. जखमेवर खपली धरली पाहिजे. बोट फिरवल्यावर ती जागा कोरडी, चामड्यासारखी लागली की झालं.

सुपात वर्तमानपत्र पसरा, त्यावर झाड आडवं ठेवा, किंवा रिकाम्या वाटीच्या तोंडावर गुच्छ टेकवा म्हणजे देठ हवेत लोंबतो. जागा उजेडाची पण थेट उन्हाची नको. मार्च-एप्रिलमध्ये दोन-तीन दिवस पुरतात. पावसाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, आणि तेव्हा छताचा पंखा मंद चालू ठेवावा लागतो. कूलरसमोर ठेवू नका. वारा मिळतो खरा, पण ओला. मी एकदा "वारं लागेल" म्हणून कूलरच्या झोतात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी कापाच्या जागी पांढरी बुरशी.

हेअर ड्रायर, ओव्हन, स्लॅबवरचं दुपारचं ऊन, हे सगळं लोक करून बघतात. आपल्या मे महिन्यातलं स्लॅबवरचं ऊन झाड सुकवत नाही, भाजून काढतं.

या दिवसांत पानं थोडी सुरकुततील. सुरकुतू द्या. झाडाने पानांत पाणी साठवून ठेवलंय ते याच वेळेसाठी. शिवाय यांची एक खास सोय आहे. बाकीची झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्यातून पाणी उडतं. ही रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा छिद्रं मिटून वापरतात. ही युक्ती शास्त्रज्ञांना प्रथम जेड प्लांट नावाच्या सक्युलंटच्याच कुळात नीट उमगली, म्हणून तिला त्या क्रासुला कुळाचं नाव आहे. अशी काटकसर करणारं झाड दहा दिवस बिनमुळांचं, बिनपाण्याचं सहज काढतं. आपल्यालाच राहवत नाही.

५. मिश्रण: माती कमी, खडा जास्त

माझं प्रमाण असं: दोन वाट्या जाड रेती, एक वाटी विटांचा चुरा, एक वाटी चाळलेलं जुनं खत. काळी माती अजिबात नाही. सिंडर (जळलेल्या कोळशाचे हलके खडे) किंवा पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) मिळालं तर विटांच्या जागी चालतं.

रेती कुठली, यावर बरंच अवलंबून आहे. जवळपास बांधकाम चालू असेल तर घमेलंभर कन्हानची रेती मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. ती जुन्या रव्याच्या चाळणीने चाळा. खाली पडते ती बारीक रेती फेका, वर राहते ती ठेवा. बारीक रेती फटींमध्ये बसून सिमेंटसारखी घट्ट होते. चाळलेली रेती दोन-तीनदा धुवून उन्हात कडकडीत वाळवा. विटांचा चुरा करायला भाजलेली लाल वीट घ्या. हातोडीने फोडून हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे ठेवा, भुकटी काढून टाका. राखेच्या करड्या विटा नकोत.

चाचणी सोपी. कुंडी मिश्रणाने भरा, ग्लासभर पाणी ओता. पाणी वर न साचता काही सेकंदांत खालून वाहिलं पाहिजे. मिनिटभर तळं दिसलं तर आणखी रेती घाला.

कुंडी मातीचीच घ्या, बिनरंगाची. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, माठासारखं. चिनी मातीच्या सुंदर मगला भोक नसतं, आणि भोक नसलेल्या भांड्यात सक्युलंट जगवणं नवख्याचं काम नाही.

तळाशी खड्यांचा थर देऊ नका. हे सांगितलं की लोक भांडायला येतात, कारण लहानपणापासून सगळ्यांनी तेच पाहिलंय. पण बारीक कणांतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही, ते वरच्या थराच्या तळाशी अडून बसतं. म्हणजे चिखल खाली जाण्याऐवजी मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापराचा एक तुकडा, मिश्रण वाहून जाऊ नये एवढाच, बाकी वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण.

६. लावा, आणि हात मागे घ्या

मिश्रण कोरडं असताना भरा. देठ टेकेल एवढा खड्डा करा, झाड बसवा. देठ छोटा असेल तर नुसतं वर ठेवून बाजूला चार खडे लावले तरी पुरे. मुळं वास काढत खाली जातात, म्हणतात. ओलाव्याचा माग घेत जातात हे मात्र खरं.

पाणी नाही. आठवडाभर अजिबात नाही, पावसाळ्यात दहा दिवस. खतही नाही. स्प्रेच्या बाटलीने पानांवर फवारा मारायचा मोह होईल, तोही नाही. पानांच्या बेचक्यात पाणी अडकतं आणि सड वरून सुरू होते.

मग पहिलं पाणी: सकाळी, कुंडीच्या कडेने, खालून निथळेपर्यंत. ताटलीत साचलेलं ओतून द्या. "रोज थोडं थोडं" सगळ्यात वाईट. त्याने वरचा भाग सतत ओला आणि खालचा कोरडा राहतो. एकदाच पोटभर, मग पूर्ण सुकेपर्यंत विसरायचं.

दोन-तीन आठवड्यांनी झाड अगदी हलकं वर ओढून बघा. किंचित अडल्यासारखं वाटलं तर मुळं फुटली. रोज ओढून बघू नका (मी बघत होते). नवीन मुळं केसासारखी असतात, तुटतात.

या काळात ऊन सकाळचं आठ-नऊपर्यंतचं. पूर्वेची गॅलरी असेल तर उत्तम. नसेल तर खिडकीचा स्वच्छ उजेड. मुळं धरल्यावर दर चार-पाच दिवसांनी थोडं ऊन वाढवा.

स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर एक युक्ती सांगते. कुंडी पूर्ण कोरडी असताना वजन करून खडूने कुंडीवरच लिहा. माझ्या एका कुंडीचं कोरडं वजन ४१० ग्रॅम आहे, पाणी टाकल्यावर ते ५२० च्या घरात जातं. परत ४१० च्या जवळ आल्याशिवाय पाणी नाही. घरात वादच उरत नाही, सासूबाईसुद्धा आता आधी वजन विचारतात. तांब्यातलं उरलेलं पाणी मोगऱ्याला जातं.

७. पानांचा विमा

ऑपरेशन करताना जी घट्ट, निरोगी पानं गळतात ती ठेवा. शाळेत पानफुटीच्या पानाच्या कडेला रोपं फुटतात हे चित्रासकट शिकलोय. इथे रोप कडेला नाही, पान देठाला जुळतं त्या टोकाला फुटतं. त्यामुळे ते टोक अखंड हवं, अर्धं तुटलेलं पान वाया. पानं तीन-चार दिवस सुकवून कोरड्या मिश्रणावर नुसती पसरा, पुरू नका. गुलाबी मुळं आणि कणभर रोप दिसायला तीन आठवड्यांपासून दोन महिने लागतात. ते दिसल्यावरच मुळांपाशी थोडा ओलावा द्या.

सगळ्यांना हे लागू नाही:

- घोस्ट प्लांट, जेड, बहुतेक इचेव्हेरिया: पानापासून होतात. घोस्ट प्लांट तर झाडताना पडलेल्या पानापासूनही.
- कोरफड: पानापासून होत नाही. पान कितीही रसरशीत असो, मातीत सडतं. बुंध्याशी पिल्लू असेल तर ते वेगळं करा.
- स्नेक प्लांट: पानाचा तुकडा लावला की होतो, पण महिनोन्‌महिने लागतात. पिवळ्या काठाची जात असेल तर नवीन रोपाला तो काठ येत नाही, साधं हिरवं येतं. काठ हवा तर गड्डा फोडून लावा.
- हॉवर्थिया: पानापासून जमतं, पण नवख्याने बाजूचं पिल्लूच घ्यावं. याला ऊन कमी लागतं, सावलीत असल्याने याची कुंडी सुकतेही उशिरा.
- शेर आणि त्याच्या कुळातली बाकी झाडं: कापल्यावर पांढरा चीक येतो. तो डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. हातमोजे घाला, पोरं जवळ नकोत, चीक थांबेपर्यंत कापलेली जागा पाण्यात धरा.

८. वर्षभराचं पाणी, आपल्या हवेप्रमाणे

हे आकडे माझ्या पूर्वेच्या गॅलरीचे आणि मातीच्या चार इंची कुंडीचे आहेत. तुमच्याकडे काडी आणि वजन सांगेल ते खरं.

फेब्रुवारी-मार्च: वाढीचे दिवस. कुंडी सुकली की पाणी, साधारण सहा-सात दिवसांनी. कुंडी बदलायची, फांद्या लावायच्या तर याच महिन्यांत.

एप्रिल ते मृग: माणसं चुकतात ते इथे. रात्रीही हवा तापलेली असते, तेव्हा इचेव्हेरियासारखी झाडं वाढ थांबवून पडून राहतात. तापलेल्या कुंडीत दुपारी पाणी टाकलं तर मुळं अक्षरशः शिजतात. पाणी सूर्य मावळल्यावर, कुंडी हाताला गार लागल्यावर. हिरव्या जाळीखाली किंवा खिडकीआड ठेवा. कूलरच्या खोलीतली कुंडी वेगळी मोजा, तिला गॅलरीतल्या कुंडीच्या निम्मंही लागत नाही.

मृगापासून पोळ्यापर्यंत: कुंड्या पावसाखालून काढा, हे एकच काम. पहिल्या सरीत "निसर्गाचं पाणी मिळू दे" म्हणून बाहेर ठेवणाऱ्यांची झाडंच ऑगस्टमध्ये माझ्याकडे येतात. एखादी सर चालते, झड चालत नाही. पाणी पंधरा-वीस दिवसांनी, तेही काडी कोरडी निघाली तरच. कुंड्यांत चार बोटांचं अंतर ठेवा म्हणजे वारं खेळतं. मारबतीच्या दिवशी मी सगळ्या कुंड्या उलट्या करून तळाची भोकं तपासते, मुळांनी किंवा चिखलाने बुजली असतील तर काडीने मोकळी करते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: ऊन परत येतं, झाड परत वाढतं. आठ-दहा दिवसांनी पाणी. पावसाळ्यात घरात राहिलेली झाडं एकदम उन्हात नेऊ नका, पानांवर पांढरट भाजल्याचे डाग पडतात आणि ते जात नाहीत.

डिसेंबर-जानेवारी: पारा १० च्या खाली जातो तेव्हा रात्री कुंड्या भिंतीला सरकवा आणि पाणी वीस दिवसांवर न्या. थंडी आणि उन्हाने जेडच्या पानांच्या कडा लाल होतात, घोस्ट प्लांट गुलाबी पडतं. तो आजार नाही, पान दाबून बघा, घट्टच लागेल. ते लाल दिसलं म्हणून पाणी टाकू नका.